लाल देऊळ

परगांवाहून पुण्यास आलेला मनुष्य लष्कर भागांतून हिंडूं लागला म्हणजे तांबड्या विटांची व काळ्या दगडाची एक उंच इमारत त्याच्या दृष्टीस पडते. नव्वद फूट उंचीचा मनोरा, त्यावरील घड्याळ, टोंकदार कमानी आणि उंच, अरुंद खिडक्या, असा सगळा थाट पाहून तो तिला ख्रिस्ती लोकांचें चर्च समजतो. आणि याबद्दल त्याला दोष देतां येत नाहीं, कारण इमारतीचें रूपच तसें आहे. पण रस्त्यानें जाणाऱ्या एखाद्या पुणेकरास तिचें नांव विचारलें तर उत्तर मिळतें, ‘हें लाल देऊळ.’ आणि आंत जाऊन पाहावें तों क्रूसहि नाहीं आणि मूर्तीहि नाहीं. ती यहुदी लोकांची प्रार्थना करण्याची जागा आहे. तिचें खरें नांव ओहेल डेव्हिड, म्हणजे दाविदाचा तंबू. इंग्रजी रूप, मराठी नांव आणि हिब्रू प्रार्थना या तीन गोष्टी एका छपराखालीं कशा आल्या, याची हकीकत मनोरंजक आहे. तिच्याच पोटांत दुसरी एक हकीकत आहे, ती मात्र तितकीशी मनोरंजक नाहीं. देवापुढें उभें राहिल्यावर कोणाला मोजावयाचें आणि कोणाला वगळावयाचें, या वादाची ती हकीकत आहे.

चर्चच्या रूपांतील हें मंदिर पाहून कोणाच्याहि मनांत प्रथम अशी शंका येते कीं, हें मूळचें चर्चच असावें आणि पुढें केव्हां तरी तें यहुद्यांनीं विकत घेतलें असावें. जगांत असें घडलेलें आहे. लंडनच्या पूर्व भागांत ब्रिक लेन नांवाची गल्ली आहे. तेथें १७४३ सालीं फ्रान्समधून धर्मच्छळामुळें पळून आलेल्या प्रॉटेस्टंट विणकरांनीं आपलें प्रार्थनागृह बांधलें. १८०९ सालीं तें यहुद्यांना ख्रिस्ती करूं पाहणाऱ्या एका संस्थेच्या हातीं गेलें, १८१९ मध्यें तें मेथॉडिस्टांचें झालें, आणि १८९८ सालीं रशिया-पोलंडांतून आलेल्या निर्वासित यहुद्यांनीं त्याच वास्तूंत आपलें सिनेगॉग थाटलें. ज्यांना बाटविण्यासाठीं एके काळीं त्या भिंतींचा उपयोग झाला, त्यांच्याच धर्माचें पठण त्या भिंतींच्या आंत सुरू झालें! पुढें तेहि लोक दुसरीकडे राहावयास गेले, आणि १९७६ पासून ती इमारत बंगाली मुसलमानांची मशीद आहे. भिंती त्याच राहिल्या आणि देवाला हांक मारण्याची भाषा मात्र पिढीपिढीनें बदलत गेली.

पुण्याच्या लाल देवळाचा प्रकार असा नाहीं. तें पहिल्या दिवसापासून यहुद्यांचेंच आहे. चर्चचा अंगरखा त्यानें कोणाकडून जुना विकत घेतला नाहीं. तो मुद्दाम शिवून घेतला. म्हणूनच प्रश्न अधिक कुतूहलाचा होतो. बगदादमध्यें जन्मलेल्या, अरबी बोलणाऱ्या, सनातन वृत्तीच्या एका यहुदी सावकारास विलायतच्या खेडेगांवांतलें चर्च शोभेल असें मंदिर बांधावेंसें कां वाटलें?

या सावकाराचें नांव डेव्हिड ससून. त्याचा जन्म १७९२ सालचा. त्याचें घराणें बगदादच्या यहुद्यांत पुढारी असून बाप तेथील पाशाचा खजिनदार होता. पुढें दाऊद पाशाच्या अमदानींत जुलूम सुरू झाला आणि १८३० च्या सुमारास ससूनला घरदार सोडून इराणांतील बुशायर बंदरीं पळावें लागलें. तेथून १८३२ सालीं तो मुंबईस आला आणि मुंबईचाच झाला. कापड, कापूस आणि अफू यांच्या व्यापारावर त्यानें अफाट संपत्ति मिळविली. ससून म्हटला कीं त्याचे दानधर्म सांगण्याची चाल आहे आणि ते दानधर्म खरेहि आहेत. परंतु त्या द्रव्याचा एक मोठा ओघ चीनच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या अफूच्या पेट्यांतून आला होता, हेंहि त्याबरोबर सांगितलें पाहिजे. इंग्रजी कायद्यानें त्या काळीं हा व्यापार बेकायदा नव्हता, पारशी, गुजराथी आणि इंग्रज सर्वच त्यांत होते, एवढें त्याच्या बाजूनें म्हणतां येईल. त्याहून अधिक म्हणण्याची जरूर नाहीं.

ससूनला इंग्रजी येत नव्हतें. १८५३ सालीं तो ब्रिटिश प्रजाजन झाला तेव्हां त्यानें कागदावर सही केली ती हिब्रू अक्षरांत. पोशाख अखेरपर्यंत बगदादीच, म्हणजे लांब झगा आणि पागोटें. शब्बाथ म्हणजे शनिवार तो कडक पाळी. असा हा मनुष्य राज्यकर्त्यांच्या भाषेचा एक शब्द न बोलतां त्यांच्या राज्याचा पक्का आश्रित झाला, कारण पाशाच्या राज्यांत मालमत्तेची आणि जिवाची जी शाश्वति नव्हती ती त्याला येथें मिळाली. त्याच्या मंदिराचें रूप समजावयाचें असेल तर ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां त्या वेळचें पुणें पाहावें. पेशवाई जाऊन चाळीस-पंचेचाळीस वर्षें झालीं होतीं. नदीच्या अलीकडे पेठांचें जुनें शहर आणि पूर्वेस गोऱ्या पलटणींचें लष्कर, अशीं दोन पुणीं शेजारीं शेजारीं नांदत होतीं. पावसाळ्यांत मुंबईचें सरकार पुण्यास येई. गव्हर्नर आला कीं त्याच्या मागोमाग सेक्रेटरी, न्यायाधीश, व्यापारी आणि त्यांचा गोतावळा येई. १८६२ सालीं सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें, तिकडचा कापूस बंद पडल्यामुळें मँकेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या, आणि मुंबईंत सोन्याचा पाऊस पडत होता. फ्रिअरला इमारतींची हौस आणि सावकारांच्या हातीं पैसा, असा दुर्मिळ योग जुळून आला. त्या योगाचें फळ मुंबईच्या किल्ल्यांत पाहावें तसें पुण्यांतहि पाहावें.

ससूननें पुण्यास बंगला बांधावयास घेतला. रुग्णालयास मोठी देणगी दिली, तें रुग्णालय आज त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. आणि १८६३ सालीं त्यानें लष्करांत यहुदी मंदिराचें काम सुरू केलें. रुग्णालय आणि मंदिर या दोहोंचा आराखडा एकाच माणसाच्या हातचा आहे. त्याचें नांव हेन्‍री सेंट क्लेअर विल्किन्स. हा सैन्यांतला इंजिनियर. मुंबईचें जुनें सेक्रेटरिएट आणि त्याच्या जवळचें बांधकाम खात्याचें कचेरीगृह हींहि पुढें यानेंच उभारलीं. विल्किन्सच्या हाताला जें वळण होतें तें विलायतेंत त्या वेळीं चालू असलेल्या गॉथिक पुनरुज्जीवनाचें. त्याला कोणी रुग्णालय सांगितलें कीं तो टोंकदार कमानी काढी, कचेरी सांगितली कीं टोंकदार कमानी काढी, आणि यहुदी मंदिर सांगितलें तेव्हांहि त्यानें टोंकदार कमानीच काढल्या. यांत त्याचा हट्ट कोणता आणि गिऱ्हाइकाची पसंती कोणती हें वेगळें काढण्याचें कारण नाहीं. सरकारी इंजिनियरकडे काम देतांना काय पदरांत पडेल याची कल्पना ससूनसारख्या चतुर माणसास नसणार असें थोडेंच आहे.

याच काळांत युरोपांतील यहुदी नेमके उलट दिशेनें चालले होते, ही मौज आहे. इंग्लंडांत प्यूजिन व त्याचे अनुयायी मोठ्या आवेशानें सांगत होते कीं, गॉथिक ही केवळ बांधण्याची तऱ्हा नव्हे, ती खुद्द ख्रिस्ती धर्माची शिल्पकला आहे. यहुद्यांनीं हें म्हणणें जणूं मान्य करून आपल्यापुरती दुसरी तऱ्हा निवडली. बुडापेस्ट येथें १८५९ सालीं आणि बर्लिन येथें १८६६ सालीं जीं भव्य सिनेगॉगें उभीं राहिलीं त्यांवर मूरिश धर्तीचे घुमट आणि नक्षी आहे. ‘आम्ही पूर्वेकडचे’ असें त्या इमारती आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांस अभिमानानें सांगत होत्या. बर्लिनचा यहुदी जर्मन बोले, जर्मन कपडे घाली आणि अरबी घुमटाखालीं प्रार्थना करी. पुण्याचा यहुदी अरबी बोले, अरबी कपडे घाली आणि इंग्रजी मनोऱ्याखालीं प्रार्थना करी! जो खरोखरच पूर्वेकडचा त्याला पूर्वेची नक्षी कशाला हवी? मशिदींचे घुमट आणि अरबी कमानी ससूननें बगदादेंत पोटभर पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या छायेंत त्याला सुख लागलें नव्हतें. त्याला अभय मिळालें तें इंग्रजांच्या राज्यांत, आणि त्या राज्याचा शिक्का त्यानें आपल्या मंदिराच्या कपाळीं मारून घेतला.

तथापि गॉथिक कमान आणि यहुदी प्रार्थना यांचें कांहीं वांकडें आहे असें मात्र समजूं नये. प्राग शहरांतील ‘जुनें-नवें’ सिनेगॉग तेराव्या शतकांतलें, आणि तें अस्सल गॉथिक आहे. त्याच्या छताच्या कमानींस चाराऐवजीं पांच पाकळ्या आहेत. क्रूसाची आकृति टाळण्याकरितां तसें केलें असें सांगतात. यहुदी धर्मानें मंदिराच्या बाह्य रूपाबद्दल फारसे निर्बंध घातलेलेच नाहींत. आंतली व्यवस्था मात्र ठरलेली असते. जेरूसलेमच्या दिशेस हेखाल, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचें पवित्र कपाट; मध्यभागीं उंच चौथरा, त्यावरून तोरा वाचावयाचा; आणि स्त्रियांस बसण्यास निराळी जागा. ख्रिस्ती चर्चची वेदी परंपरेनें पूर्वेस असते. पुण्याहून जेरूसलेम पडतें पश्चिमेस, किंचित् वायव्येकडे. म्हणजे बाहेरून चर्चसारखी दिसणारी ही इमारत आंतून चर्चच्या उलट तोंड करून उभी राहिलेली आहे. चर्चमध्यें सर्वांची दृष्टि एका टोंकास लागलेली असते. येथें मधल्या चौथऱ्याभोंवतीं माणसें बसतात आणि वाचणारा त्यांच्या मध्यें असतो. बाहेरचें इंग्रजीपण उंबऱ्यापाशीं संपतें.

मंदिराचें काम पुरें झालेलें पाहण्याचें ससूनच्या नशिबीं नव्हतें. १८६४ च्या नोव्हेंबरांत तो पुण्यासच वारला. मंदिर १८६७ सालीं पुरें झालें आणि त्याच्या आवारांतच ससूनची समाधि आहे. ही गोष्ट यहुदी रिवाजांत विरळा होय. मृताच्या सान्निध्यानें अशौच येतें असा त्यांचा नियम असल्यामुळें दफनभूमि वस्तीपासून दूर ठेवण्याची चाल आहे. चर्चच्या अंगणांत थडगीं असणें ही पद्धत इंग्रजांची. म्हणजे इंग्रजांकडून जें घेतलें तें केवळ कमानी आणि मनोरा एवढेंच नव्हे.

ससूनच्या वंशजांची पुढली वाटचाल याच दिशेनें झाली. त्याचा वडील मुलगा अब्दुल्ला हा आल्बर्ट झाला, त्यानें मुंबईस १८७५ सालीं ससून गोदी बांधली, आणि तो विलायतेस जाऊन सरदारांच्या पंक्तीस बसला. पहिल्या महायुद्धावर कविता लिहून नांवारूपास आलेला सीगफ्रीड ससून हा डेव्हिडचा पणतू. तो वाढला आईच्या ख्रिस्ती धर्मांत, आणि १९५७ सालीं तो रोमन कॅथलिक झाला. पणजोबानें चर्चचा आकार घेतला होता. पणतू चर्चमध्येंच गेला.

आतां नांवाकडे वळूं. या मंदिरास पुण्याच्या लोकांनीं देऊळ म्हटलें तें त्यांच्या भाषेच्या स्वभावास धरून झालें. जेथें देवाचें नांव घेतात तें देऊळ, मग देव कोणाचा कां असेना. विटांचा रंग लाल, म्हणून लाल देऊळ. कोंकणांतल्या व मुंबईंतल्या मराठी यहुद्यांनीं याच स्वभावानें आपल्या सिनेगॉगास ‘मशीद’ असा शब्द योजला होता. मुंबईंत मांडवीच्या बाजूस सामाजी हसाजी दिवेकर नांवाच्या यहुदी लष्करी अंमलदारानें १७९६ सालीं तेथल्या यहुद्यांसाठीं पहिलें सिनेगॉग बांधलें. म्हैसूरच्या लढाईंत तो टिपूच्या कैदेंत सांपडला होता. सुटलों तर देवाचें घर बांधीन असा त्यानें नवस केला आणि तो फेडला, अशी परंपरा आहे. त्या सिनेगॉगास लोक जुनी मशीद म्हणत. मसजिद बंदर हें रेल्वेच्या स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असें यहुदी लोक सांगतात.

हा दिवेकर ज्या समाजाचा, तो बेने इस्राएल समाज ससूनच्या कितीतरी शतकें आधीं महाराष्ट्रांत आलेला आहे. नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची आख्यायिका. कुलाबा जिल्ह्याच्या खेडोपाडीं ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलें. गांवावरून आडनांवें पडलीं, तीं दिवेकर, पेणकर, केहीमकर अशीं. घरांत मराठी, अंगावर मराठी पोशाख, आणि सणांचीं नांवेंहि मराठी. यहुदी वर्षाचा पहिला सण तो ‘नव्याचा सण’. योम किप्पूर हा उपासाचा आणि पश्चात्तापाचा थोर दिवस. त्या दिवशीं घराचीं दारें लावून घेऊन हे लोक देवाचें चिंतन करीत, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. हिब्रूचें ज्ञान जवळजवळ लोपलें होतें, पण खतना, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शमा’ ही एकेश्वराची घोषणा त्यांनीं सोडली नव्हती. पुढें कोचीनच्या यहुद्यांनीं त्यांस धर्मविधि शिकविले. डॉ. जॉन विल्सन या स्कॉच मिशनऱ्यानें हिब्रूचें व्याकरण मराठींत लिहिलें. त्यानें तें ख्रिस्ती होण्याची वाट सोपी व्हावी म्हणून लिहिलें, आणि त्यांनीं त्याचा उपयोग अधिक चांगले यहुदी होण्याकडे केला.

इंग्रजी पलटणींत शिरून हे लोक हवालदार, जमादार, सुभेदार झाले, कारकून झाले, आणि पलटणींबरोबर पुण्यासहि आले. लाल देऊळ पुरें झाल्यास सात वर्षें झालीं नाहींत तोंच, म्हणजे १८७४ सालीं, पुण्यांत शिळाछापावर एक हगादा प्रसिद्ध झाला. हगादा म्हणजे मिसरच्या दास्यांतून इस्राएल लोक कसे सुटले त्याची वल्हांडणाच्या रात्रीं घरोघर वाचावयाची पोथी. एका बाजूस हिब्रू आणि तिच्या जोडीस मराठी, असा तो छापलेला असून त्यांतील चित्रांत सणाची भाकर तयार करणाऱ्या स्त्रिया लुगडें नेसलेल्या व केसांत फुलें माळलेल्या दाखविल्या आहेत. एकाच शहरांत, एकाच दशकांत, एकाच धर्माच्या लोकांनीं आपलीं दोन चित्रें काढून ठेविलीं. एक गॉथिक मनोऱ्याचें आणि दुसरें लुगड्याचें. पहिल्याला लाखो रुपयांचें पाठबळ होतें. दुसऱ्याला नव्हतें, पण महाराष्ट्राच्या इतिहासांत त्याचें मोल कमी आहे असें कोणी म्हणूं नये.

या दोन समाजांचें एकमेकांशीं कसें होतें? येथें ती दुसरी हकीकत सुरू होते.

यहुदी धर्मांत सामुदायिक प्रार्थनेस मंदिर लागतेंच असें नाहीं. तंबू चालतो, ओसरी चालते, लंडनच्या विणकरांचें जुनें चर्चहि चालतें. लागतात तीं दहा माणसें. तेरा वर्षांवरील दहा यहुदी पुरुष जमले म्हणजे ‘मिन्यान’ झाला. नऊ असले तर कितीहि भव्य सिनेगॉग असून तेथें तोरा उघडतां येत नाहीं. म्हणजे इमारतीविषयीं हा धर्म जितका उदार, तितका मोजणीविषयीं काटेकोर. त्यामुळें ‘तुम्हांस आम्ही दहांत धरीत नाहीं’ यापेक्षां मोठा अपमान एका यहुद्यास दुसऱ्या यहुद्याकडून होऊं शकत नाहीं. आणि बगदादी लोकांनीं बेने इस्राएलांस नेमकें हेंच सांगितलें.

आरंभीं असें नव्हतें. बगदादी मुंबईस आले तेव्हां मूठभर होते; बेने इस्राएलांच्या मशिदींत ते प्रार्थना करीत आणि त्यांच्याच दफनभूमींत आपलीं प्रेतें पुरीत. पण संख्या आणि संपत्ति वाढली तसा दुरावा वाढला. १८३६ सालीं डेव्हिड ससून प्रभृति बगदादी पुढाऱ्यांनीं सरकारास अर्ज केला कीं, दफनभूमींत आमच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्यें भिंत घालून द्यावी. मुंबईस येऊन अवघीं चार वर्षें झालीं होतीं! बगदादहून ज्याला जीव घेऊन पळावें लागलें, त्यानें ज्यांनीं जागा दिली त्यांच्या मढ्यांपासून वेगळेपण मागावें, ही गोष्ट त्याच्या सगळ्या दानधर्मांच्या शेजारीं मांडून पाहण्यासारखी आहे. सरकारनें ती मागणी मान्य केली नाहीं.

बगदादी लोकांचा युक्तिवाद असा कीं, बेने इस्राएल घटस्फोटाचे आणि विधवाविवाहासंबंधीचे धर्मनियम शतकानुशतकें जाणत नव्हते. म्हणून त्यांच्या विवाहांची आणि संततीची शुद्धता संशयास्पद आहे. युक्तिवाद धर्मशास्त्राचा होता हें खरें. पण त्याच्या आड दुसरेंहि कांहीं होतें. बगदादी लोकांस इंग्रजांनीं युरोपियनांत गणावें अशी मोठी आकांक्षा होती. काळ्यासांवळ्या, मराठी बोलणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या लोकांशीं एका पंक्तीस बसलें तर ती आकांक्षा कशी पुरी व्हावी? गॉथिक मनोरा आणि मिन्यानांतील वगळणूक या दोहोंचें मूळ एकच होतें.

मात्र बेने इस्राएलांची बाजू घेतांना एक गोष्ट लपवितां कामा नये. त्यांच्या स्वतःच्या समाजांतहि ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद होते. परजातीच्या स्त्रीपासून झालेल्या संततीस ते काळे म्हणत, आणि गोरे त्यांच्याशीं बेटीव्यवहार करीत नसत. ज्या भूमींत हे सगळे येऊन राहिले तिची हवाच तशी होती. बगदादी लोकांनीं येथील राज्यकर्त्यांपासून वर्णभेद शिकला आणि बेने इस्राएलांनीं येथील शेजाऱ्यांपासून जातिभेद.

पुण्याच्या बेने इस्राएलांनीं यावर आपल्या परीनें उत्तर काढलें. १९२१ सालीं त्यांनीं रास्ता पेठेंत स्वतःचें सिनेगॉग उभारलें. त्याचें नांव सुक्काथ शेलोमो, म्हणजे शलोमोनाचा मांडव. रास्ते सरदारांच्या नांवाची ही पेठ लष्कराला लागूनच आहे, पण ती शहराचा भाग आहे, छावणीचा नव्हे. आणि वास्तूहि पेठेच्या मानानें साधी आहे. तिला नव्वद फुटांचा मनोरा नाहीं. एका गांवांत दाविदाचा तंबू आणि शलोमोनाचा मांडव, बाप-लेकांच्या नांवाचीं दोन घरें, हांकेच्या अंतरावर उभीं राहिलीं.

हा वाद पुण्यापुरता नव्हता. ब्रह्मदेशांत रंगूनच्या सिनेगॉगांतून बेने इस्राएलांचे हक्क काढून घेतले तेव्हां प्रकरण कोर्टांत गेलें, आणि १९३५ सालीं तेथील हायकोर्टानें बेने इस्राएलांच्या बाजूनें निकाल दिला. स्वातंत्र्यानंतर पुष्कळ बेने इस्राएल लोक इस्राएल देशांत गेले. तेथेंहि धर्मपीठानें त्यांच्याशीं विवाह लावण्यास तोच जुना संशय काढून अडथळा घातला. महाराष्ट्रांतून गेलेल्या या लोकांनीं जेरूसलेमांत सत्याग्रह केला. बसून, उपोषण करून केला, कारण लढण्याची ती तऱ्हा त्यांना पाठ होती. शेवटीं १९६४ सालीं इस्राएलच्या लोकसभेनें जाहीर केलें कीं, बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत.

लाल देवळाच्या यजमानांचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतां येतें. इंग्रज गेला तेव्हां त्याच्या आश्रयास वाढलेले बगदादी लोकहि फार काळ राहिले नाहींत. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, इस्राएल, जिकडे ज्याला सोयीचें वाटलें तिकडे तो गेला. ससूनांच्या पेढ्या उठल्या, पावसाळ्यांत पुण्यास येण्याची चाल सरकारानेंच टाकली, आणि लष्करांतलें मंदिर आपल्या मोठेपणासकट तसेंच मागें राहिलें. भारतांतील यहुद्यांची संख्या आतां पांच हजारांच्या आसपास आली असून त्यांतले बहुतेक बेने इस्राएल आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. मुंबईवर २००८ सालीं झालेल्या हल्ल्यांत यहुदी केंद्रहि सांपडल्यापासून लाल देवळावर पोलिसांचा पहारा असतो, त्यामुळें वाटसरूला सहज आंत डोकावतां येत नाहीं.

आंत प्रार्थना चालू आहे. सणावारीं मेणबत्त्या पेटतात, हेखालाचे पडदे सरकतात, मधल्या चौथऱ्यावर तोरा उघडली जाते. त्यासाठीं दहा पुरुष लागतात, आणि ओहेल डेव्हिडमधले ते दहा आतां बहुतेक करून बेने इस्राएलांतूनच भरतात. हिब्रू प्रार्थना संपवून ते अंगणांत येतात आणि डेव्हिड ससूनच्या समाधीपाशीं उभे राहून एकमेकांची विचारपूस करतात, ती मराठींत.